कमी बोलणारा माणूस धंदा करू शकतो का? आंद्रेस इनिएस्ताकडून शिकूया



मागच्या व्हिडिओत आपण सेल्सच्या फॉलोअपबद्दल बोललो. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न फॉलोअपचा नव्हताच. प्रश्न होता, "सर, मला चार लोकांसमोर बोलता येत नाही. माझा स्वभावच तसा आहे. मग मी धंद्यात पडू की नको?" घरून मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी तर लिहिलं की माल चांगला आहे, पण दुकानदाराशी बोलायला त्या दर वेळी मिस्टरांना पाठवतात, आणि मिस्टर भाव पाडून येतात!

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आज एक फुटबॉलपटू निवडलाय. फुटबॉल पाहत नसाल तरी चालेल. माणूस समजून घ्या.

त्याचं नाव आंद्रेस इनिएस्ता. स्पेनचा. 8 ऑक्टोबर 2024 ला त्याने निवृत्ती जाहीर केली. बार्सिलोनाकडून 674 सामने, चार वेळा युरोपची चॅम्पियन्स लीग, नऊ वेळा स्पॅनिश लीग, देशासाठी दोन युरो कप आणि 2010 चा वर्ल्ड कप. त्या वर्ल्ड कप फायनलचा एकमेव गोल त्याचाच. इतकं सगळं मिळवलेला माणूस कसा असेल असं तुम्हाला वाटतं? ताठ मानेचा, कॅमेऱ्यासमोर छाती काढून बोलणारा? तसा नव्हता. बुटका, फिकट चेहऱ्याचा, हळू आवाजात बोलणारा, केसांची फॅशन नाही. बँकेच्या रांगेत तुमच्या पुढे उभा राहिला तर दोनदा बघणारही नाही असा माणूस.

गाव, बार आणि बाराव्या वर्षीचा रडू आलेला मुलगा

11 मे 1984 ला फुएन्तेआल्बिया नावाच्या गावात त्याचा जन्म झाला. स्पेनच्या अल्बासेते प्रांतातलं हे छोटं गाव, आजूबाजूला द्राक्षाचे मळे. वडील होसे आंतोनियो गवंडीकाम करायचे. आईच्या घरच्यांचा गावात एक बार होता, तिथे आई मारिया राबायची. पोरगा बारच्या आसपास आणि शाळेच्या मैदानावर चेंडू घेऊन फिरायचा. जरा मोठा झाल्यावर अल्बासेते शहराच्या क्लबमध्ये घेतलं, तर सरावाला साधारण 45-50 किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. गवंड्याच्या मिळकतीत हे बसवणं म्हणजे काय, ते तुमच्यातल्या अनेकांना सांगायला नको.

मग 1996 मध्ये, बाराव्या वर्षी, लहान मुलांच्या एका स्पर्धेत तो नजरेत भरला आणि बार्सिलोनाच्या ला मासिया या निवासी अकादमीतून बोलावणं आलं. घरापासून जवळपास 500 किलोमीटर. घरचे सोडायला गेले. तो रडला. वडील त्याच्याहून जास्त हलले. पहिल्या रात्री हॉटेलात त्यांना झोप येईना, ते म्हणाले मी पोराला परत घेऊन जातो. आईने थांबवलं. तिचं म्हणणं असं की, आत्ता परत नेलं तर त्याला संधी मिळालीच नाही असं होईल. राहू दे, नाही जमलं तर घर आहेच.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे घरातला एखादा धंदा सुरू करतो तेव्हा घरचे एक तर "करून दाखव" म्हणून ढकलतात, नाही तर "सोड, नोकरी बघ" म्हणून ओढतात. त्या आईने दोन्ही केलं नाही. तिने मुदतही घातली नाही आणि परतीचं दारही बंद केलं नाही. तुमच्या घरात असं एखादं माणूस असेल तर त्याला सांभाळा. नफा-तोट्याच्या कागदावर त्याची नोंद होत नाही, पण दुकान त्याच्या जिवावर चालतं.

पुढची काही वर्षं मुलगा तिथे एकलकोंडाच राहिला. स्वतः त्याने नंतर त्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहिलंय की आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांपैकी ते होते. म्हणजे "बाराव्या वर्षी स्वप्न पाहिलं आणि धावत सुटला" अशी गोष्ट नाहीये ही. आठवण येत होती, रडू येत होतं, आणि सकाळी उठून सरावाला जायचं होतं.

त्याचा पर्सनॅलिटी टाईप कोणता?

आता तुमच्यातले काही जण इंटरनेटवरच्या त्या सोळा प्रकारच्या टेस्ट देऊन आलेले असणार. चार अक्षरं मिळतात, मग माणूस खूश. इनिएस्ताला लोक बहुतेक आयएसएफपी किंवा आयएसएफजे या गटात टाकतात. म्हणजे अंतर्मुख, समोरचं प्रत्यक्ष बघून काम करणारा, माणसांच्या भावना जपणारा. मला विचाराल तर मी दुसऱ्या गटात टाकेन, कारण जबाबदारी आणि निष्ठा हे त्याच्यात सारखं दिसतं. पण हा माझा अंदाज झाला, बाहेरून पाहून बांधलेला.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आमच्या क्षेत्रातले बरेच ट्रेनर ती सांगत नाहीत. ही सोळा प्रकारांची पद्धत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी तयार केली. आधार घेतला कार्ल युंगच्या 1921 च्या पुस्तकाचा. दोघींचंही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण झालेलं नव्हतं. तीच टेस्ट काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांची अक्षरं बदलतात. संशोधक मंडळी माणसाला खोक्यात टाकण्याऐवजी मोजपट्टीवर ठेवतात: अंतर्मुखता कमी-जास्त, शिस्त कमी-जास्त, चिंता कमी-जास्त, असं. त्यामुळे त्या चार अक्षरांकडे आरशासारखं बघा, जन्मपत्रिकेसारखं नको. "माझा टाईपच असा आहे" म्हणून वसुलीचा फोन न करणं ही सबब झाली.

शिवाय तीन गोष्टींची आपण गल्लत करतो. अंतर्मुख म्हणजे माणसांच्या गर्दीत ज्याची बॅटरी उतरते तो. लाजाळू म्हणजे लोक काय म्हणतील याची ज्याला भीती वाटते तो. आणि संवाद न जमणारा म्हणजे ज्याला आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचवता येत नाही तो. या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बदलायची गरज नाही. दुसरी सवयीने कमी होते. तिसरी शिकता येते. मसाल्यावाल्या ताईंचा अडथळा बहुतेक दुसरा आहे, आणि त्या पहिला समजून बसल्यात.

इनिएस्ता मैदानावर जो संवाद साधायचा तो पायाने. चेंडू यायच्या आधी आजूबाजूला कोण कुठे आहे ते बघून ठेवायचा, आणि चेंडू आला की क्षणभर थांबायचा. स्पॅनिश फुटबॉलमध्ये याला 'ला पाउसा' म्हणतात, म्हणजे विराम. तो विराम घेतला की समोरचा बचावपटू घाई करतो, जागा सोडतो, आणि तेवढ्यात पास जातो. त्याची एक हातखंडा चाल होती, चेंडू एका पायाकडून चटकन दुसऱ्या पायाकडे सरकवून दोघांच्या मधून निघून जायचं. तिला तिकडे 'क्रोकेता' म्हणतात. सगळ्या युरोपला माहीत होतं तो हेच करणार, तरी अडवता यायचं नाही. ग्राहकासमोर भाव सांगितल्यावर गप्प बसायला जमतं का तुम्हाला? बडबड्या माणसाला जमत नाही. तो भाव सांगतो आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच स्वतःच डिस्काउंट देऊन टाकतो! शांत माणसाकडे हे हत्यार जन्मतः असतं, फक्त ते हत्यार आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बाकावर बसलेली वर्षं

मुख्य संघातला पहिला सामना ऑक्टोबर 2002 मध्ये, अठराव्या वर्षी. पण लगेच राजा झाला नाही. 2004-05 च्या मोसमात लीगच्या 38 पैकी 37 सामन्यांत तो खेळला, ऐकायला भारी वाटतं, पण त्यातले बहुतेक सामने बदली खेळाडू म्हणून, शेवटची काही मिनिटं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी मध्ये. जिथे भोक पडेल तिथे इनिएस्ता. 2006 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला पॅरिसमध्ये त्याला सुरुवातीला बाकावरच बसवलं. मध्यंतरानंतर एदमिल्सनच्या जागी आला आणि खेळ फिरला, बार्सिलोना 2-1 ने जिंकली.

तक्रार नाही, पेपरात मुलाखत नाही. हे चांगलं की वाईट? बरेच प्रेरणादायी लेख म्हणतील, बघा किती संयम! मी तसं सरसकट म्हणणार नाही. बाकावर बसवल्याचं त्याला लागलं होतं, हे त्याने नंतर सांगितलंय. शांत माणसाचा हाच धोका असतो. लागतं, पण दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट इथूनच सुरू होते.

2009: सगळं मिळालं आणि आतून रिकामं झालं

मित्रांनो, हा भाग जरा सावकाश वाचा.

मे 2009. लंडनमध्ये चेल्सीविरुद्ध सेमीफायनल, इंज्युरी टाइममध्ये, बार्सिलोना बाहेर पडणार हे ठरल्यासारखं, आणि इनिएस्ताने बॉक्सच्या बाहेरून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. तीन आठवड्यांनी रोममध्ये फायनल जिंकली. ती तो मांडीला दुखापत असताना खेळला, गोलवर फटका मारायचा नाही अशी ताकीद घेऊन. त्या मोसमात क्लबने लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही जिंकलं. वय 25. बाहेरून पाहिलं तर यापेक्षा चांगलं वर्ष असू शकत नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात त्याला आतून काहीतरी बिघडल्यासारखं वाटायला लागलं. दुखापत बरी होत नव्हती. मन कशात लागत नव्हतं. 8 ऑगस्ट 2009 ला बातमी आली की त्याचा मित्र दानी जार्के, एस्पान्योल क्लबचा कर्णधार, वय फक्त 26, इटलीत सरावाच्या दौऱ्यावर असताना हृदय बंद पडून गेला. दोघे स्पेनच्या युवा संघांपासूनचे मित्र. त्यानंतर इनिएस्ता पूर्ण खचला. रात्री झोप लागावी म्हणून गोळी घ्यायची आणि रात्र कधी होते याची दिवसभर वाट पाहायची, असे दिवस होते ते. एका रात्री हा युरोपचा विजेता आई-वडिलांच्या खोलीत गेला आणि बरं वाटत नाही, तुमच्याजवळ झोपतो, असं म्हणाला.

त्याने काय केलं? सांगितलं. आधी घरी. मग क्लबच्या डॉक्टरांना. मग इन्मा पुच या मानसशास्त्रज्ञांकडे जाऊ लागला, आणि नियमित जात राहिला. प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलाने त्याला मोकळीक दिली की सरावात मध्येच असह्य झालं तर परवानगी न विचारता निघून जा. नंतर त्याने हे सगळं 2016 च्या आत्मचरित्रात लिहिलं, टीव्हीवर सांगितलं. आजारपण आहे, औषध आणि मदत घेतली, असं सरळ.

पुढच्या वर्षी वर्ल्ड कपच्या आधी पुन्हा दुखापत. स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात स्पेन स्वित्झर्लंडकडून हरलं आणि इनिएस्ता पुन्हा जखमी झाला, पुढचा सामना हुकला. 11 जुलै 2010, जोहान्सबर्ग, फायनल, समोर नेदरलँड्स, 116 वं मिनिट. गोल केला, जर्सी काढली, आत पांढऱ्या बनियनवर हाताने लिहिलेलं होतं: दानी जार्के कायम आमच्यासोबत. पंचाने नियमाप्रमाणे पिवळं कार्ड दाखवलं. त्यानंतर तो एस्पान्योलच्या मैदानावर गेला. म्हणजे बार्सिलोनाच्या शहरातल्याच कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या घरी. तिथले प्रेक्षक त्याच्यासाठी उभे राहिले.

हे मी धंद्याच्या ब्लॉगवर का लिहितोय? कारण आमच्याकडे येणाऱ्या लोकांमध्ये मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघतो. धंदा तोट्यात गेलेला असतो, सावकाराचे हप्ते चालू असतात, आणि घरी कुणालाच माहीत नसतं. सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडायचं, दुकान उघडायचं, हसून बोलायचं. बायकोला कळतं ते बँकेची नोटीस दारावर आल्यावर. आणि असं करणारी माणसं बहुतेक वेळा शांत स्वभावाची, जबाबदार, "मी बघून घेतो" म्हणणारी असतात. म्हणजे इनिएस्ताच्या टाईपची! ज्या गुणामुळे लोक त्यांच्यावर विश्वास टाकतात त्याच गुणामुळे ती आतल्या आत सडतात.

कर्ज झालं असेल तर ते घरात एका माणसाला आकड्यासकट सांगा. "जरा टाईट आहे" असं मोघम नको, आकडा सांगा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, मनात नको ते विचार येत असतील तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, 14416, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. यात कमीपणा काही नाही. वर्ल्ड कप जिंकून देणारा माणूस डॉक्टरकडे गेला, तर आपण कोण मोठे लागून गेलो?

आता त्याच्या धंद्याकडे

इनिएस्ताचा सगळ्यात जुना व्यवसाय आहे वाईनचा. दारू हा विषय काहींना आवडणार नाही, पण व्यवसायाची रचना बघा. वडिलांनी नव्वदच्या दशकात गावाजवळ जमीन घेऊन वेली लावायला सुरुवात केली होती. त्यावर 2010 मध्ये फुएन्तेआल्बियातच कुटुंबाने स्वतःची वायनरी उघडली, बोदेगा इनिएस्ता. बार्सिलोनात नाही, माद्रिदमध्ये नाही, गावात. तिथल्या मान्चुएला भागात बोबाल नावाचं स्थानिक द्राक्ष पिकतं. म्हणजे जे रक्तात आणि मातीत होतं तेच घेतलं. त्यांच्या एका वाईनचं नाव 'कोरासोन लोको', म्हणजे वेडं काळीज. दुसरीचं नाव आहे 'मिनुतो 116'. गोल कोणत्या मिनिटाला झाला ते आता तुम्हाला माहीतच आहे!

नाव असलं की पहिली बाटली विकली जाते. दुसरी चवीवर जाते. सेलिब्रिटींचे किती ब्रँड आले आणि गेले ते आपण बघतो. घरचे लोक रोज मळ्यात आणि तळघरात आहेत, हा इथला फरक. मालक शांत असला तरी चालतं, पण कुणीतरी रोज दुकानात लागतं.

दुसरा व्यवहार मला जास्त शिकवून गेला. अल्बासेते, त्याचा लहानपणीचा क्लब, पैशाच्या अडचणीत सापडला. 2011 मध्ये त्याने 4,20,000 युरो घालून शेअर घेतले. 2013 मध्ये खेळाडूंचे पगार थकले, ते वेळेत दिले नाहीत तर क्लबला खालच्या श्रेणीत ढकललं जाणार होतं. तेव्हा त्याने आणखी 2,40,000 युरो कर्जाऊ दिले. क्लब वाचला आणि पुढच्या मोसमात वरच्या श्रेणीतही गेला. लक्षात घ्या, पहिली रक्कम भागभांडवल होती, दुसरी कर्ज. दोन्ही वेळा प्रेमापोटीच दिले, पण कागदावर वेगवेगळे. आपण काय करतो? मेव्हण्याच्या धंद्यात दोन लाख देतो, आणि ते उसने होते की भागीदारी, यावर दहा वर्षांनी लग्नात भांडण होतं.

आणि सोडणं

2015 मध्ये शावी गेल्यावर तो बार्सिलोनाचा कर्णधार झाला, सहकाऱ्यांच्या मतांनी. ड्रेसिंग रूममध्ये भाषणं ठोकणारा तो कधीच नव्हता, तरी मतं पडली. ऑक्टोबर 2017 मध्ये क्लबने त्याच्याशी आजीवन करार केला. आजीवन! पगार, मान, सगळं पक्कं. आणि एप्रिल 2018 मध्ये त्याने जाहीर केलं की मी जातोय, कारण शरीराने आणि मनाने मी या क्लबला आता माझं सर्वोत्तम देऊ शकणार नाही. वर असंही ठरवलं की बार्सिलोनाविरुद्ध खेळावं लागेल अशा युरोपातल्या कुठल्याही क्लबात जायचं नाही. करारात अट नसताना त्याने स्वतःला ती घालून घेतली. मग जपानच्या विसेल कोबेकडे गेला, पाच वर्षं तिथे खेळला, त्या क्लबने त्याच्या काळात पहिल्यांदा एम्परर्स कप जिंकला. शेवटचा एक मोसम दुबईजवळच्या रास अल खैमाच्या क्लबात.

बार्सिलोनातला शेवटचा सामना 20 मे 2018 ला झाला. सगळे गेल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तो रिकाम्या कॅम्प नूच्या गवतावर अनवाणी बसून राहिला होता. एकटाच, बराच वेळ. तो फोटो शोधून बघा एकदा.

या आठवड्याचं काम

मसाल्यावाल्या ताईंसाठी, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. एकच दुकान निवडा, दहा नको. दुपारी दोन-अडीचला जा, गर्दी नसते. जायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: तुमचा भाव, त्याखाली कुठल्याही परिस्थितीत न उतरायचा भाव, आणि पैसे किती दिवसांत हवेत ते. सॅम्पलची पुडी उघडून वास घेऊ द्या. भाव सांगा. आणि मग, ताई, गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. समोरचा आधी बोलेल.

काय झालं ते कमेंटमध्ये लिहा. नाही जमलं तरी लिहा, पुढच्या मंगळवारच्या लाईव्हमध्ये तीच उदाहरणं घेऊन बसू. मिस्टरांना मात्र त्या दिवशी घरीच ठेवा.